भिंतीला हवा, भिंतीत नको

नव्या बंगल्याला दगड हवाच असतो. दर्शनी भिंतीला, फाटकाच्या खांबांना, झालंच तर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे. जाडी किती? वीस मिलिमीटर. मागे सिमेंटचा ब्लॉक, मध्ये पिशवीतून येणारा चिकटवा. दगड भिंतीला हवा, भिंतीत नको.

आर्किटेक्ट याला 'मातीशी नातं' म्हणतात. बिलात ते नातं चौरस फुटावर लावतात.

खरी गंमत जमिनीखाली आहे. पुणं घ्या, नाशिक घ्या, पाया खणायला घेतला की बऱ्याच ठिकाणी काही फुटांवर कातळ लागतो. मालक कपाळाला हात लावतो. ब्रेकर येतो, आठवडाभर शेजाऱ्यांच्या कानाचे पडदे फाटतात, फोडलेला दगड डंपरमधून 'कुठेतरी' जातो. तो नेण्याचे पैसे द्यायचे. मग राजस्थानातून दगड येतो. तो आणण्याचे पैसे द्यायचे.

वास्तुशांतीला मालक सांगतो, काम अगदी काटकसरीत केलं.

दाखवायचा दगड एक आणि भार वाहणारा दुसरा, हा शोध काही बिल्डरचा नाही. छत्रपती संभाजीनगरचा बिबीचा मकबरा बघा. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या मुलाने आईसाठी बांधला, असं मानतात. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर, त्याच्या वर आपला स्थानिक काळा कातळ आणि कातळावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. घुमट मात्र पुन्हा संगमरवरी. म्हणजे नजर आधी जाईल तिथे संगमरवर.

फोटोचा शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. तयारी आधीच झाली होती.

मकबऱ्यातल्या या काळ्या कातळाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे. जमिनीच्या भेगांतून लाव्हा येत राहिला, थरावर थर बसले, त्यातून दख्खन तयार झालं. पसारा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच बैठकीवर बसलेला आहे. तेव्हाचे डायनासोर गेले, दगड टिकला. पुढे आपली गाठ महसूल खात्याशी पडणार आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

१९५७ च्या खाण कायद्यात इमारतीचा दगड हे 'गौण खनिज' आहे. वाळू, मुरूम यांच्या पंगतीला. अजिंठा गौण खनिजात. कार्ले, भाजे, कान्हेरी, सगळी गौण खनिजात.

वेरूळचं कैलास लेणंही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी शिखर, मग सभामंडप, शेवटी जोतं. आज परवानगी मागितली असती तर? निघालेल्या लाखो टन दगडाची ब्रासवर रॉयल्टी भरा, हे झालंच. पण खरी अडचण पुढची. जोतं तपासल्याशिवाय वरच्या बांधकामाला हात लावता येत नाही, आणि इथे जोतं सगळ्यात शेवटी.

शंकराला भोगवटा प्रमाणपत्र मिळालंच नसतं.

आता हेमाडपंत. गावाबाहेरचं कुठलंही जुनं दगडी देऊळ दाखवा, गावकरी छातीठोक सांगतील, हेमाडपंती आहे. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, यादवांच्या दरबारातला बडा अधिकारी, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख १०६० चा. म्हणजे हेमाडपंतांच्या दोनेकशे वर्षं आधी शिलाहारांच्या कारागिरांनी ते बांधून मोकळं केलं होतं. चुना न वापरता, दगडात खाचा करून, एकाच्या वजनावर दुसरा तोलत. हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटांच्या हातात होतं. नाव मात्र दरबारातल्याचं लागलं.

फ्लेक्स नंतर आले. पद्धत जुनीच.

अपवाद एक. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव कोरलं, पण कुठे? जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल अशा ठिकाणी. आज काम सुरू व्हायच्या आधी चकचकीत ग्रॅनाइटची कोनशिला तयार असते. त्यावर माननीय, सन्माननीय, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती. कारागीर सोडून सगळे.

हिरोजींनंतर आपली पायरी ओळखणारा ठेकेदार झाला नाही.

आणि किल्ल्यावरून आठवलं. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये पायाभरणी झाली, तेव्हापासून लाटा खातोय. समोरच्या किनाऱ्यावर, राजकोटावर, ४ डिसेंबर २०२३ ला शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कारण काय सांगितलं? वारा.

वारा त्या दिवशी किल्ल्याकडे गेला नव्हता वाटतं.

इंग्रजाला शिव्या घालायच्या त्या घाला, पण दगड त्याला कळत होता. मुंबईत त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. कुर्ल्याचा दगड राजाबाई टॉवरला लागला. मालाडचा पिवळसर दगड फोर्टातल्या इमारतींना लागला. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा बेसॉल्ट खारोडीचा, म्हणजे मालाडच्याच अंगणातला. नक्षीकामाला मऊ दगड हवा तेव्हा तो पोरबंदरहून आणला. जिथे भार तिथे जवळचा, जिथे नखरा तिथे लांबचा. हिशेब साधा होता. २०१८ मध्ये त्यातल्या बऱ्याचशा इमारती जागतिक वारसा ठरल्या.

खाणींना कुणी काही ठरवलं नाही. मालाडला आज दगड विचारलात तर लोक मॉलचा रस्ता दाखवतील.

अंधेरीची गिल्बर्ट हिल तेवढी शिल्लक. सुमारे दोनशे फुटांची, लाव्हा थिजताना तयार झालेल्या उभ्या खांबांची टेकडी. असे खांब बघायला लोक परदेशात तिकीट काढून जातात. इथे चहूबाजूंनी खाण चालली, मग झोपड्या आल्या, मग टॉवर आले. टेकडी कशी वाचली? वर गावदेवीचं देऊळ आहे. टेकडी कायद्याने वाचवली की देवीने, यावर वाद होऊ शकतो.

बिल्डरने वाचवली नाही, यावर एकमत आहे.

कोकणात उतरा. तिथला दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, सहज चिरता येतो. हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून तर त्याचे चिरे पडतात आणि गावंच्या गावं त्यातून उभी राहतात. आता या चिऱ्याची दोन घरं बघा. गावातला माणूस चिऱ्याची भिंत बांधतो आणि पैसे जमले की गिलावा करून तिला पोपटी रंग देतो, घर पक्कं दिसावं म्हणून. मुंबईचा माणूस शेजारीच फार्महाऊस घेतो आणि गिलावा खरवडून काढतो, घर अस्सल दिसावं म्हणून.

गवंडी एकच. त्याला दोन्हीकडे काम.

या उघड्या चिऱ्याच्या वेडाने जुन्या गोव्यात तर कहर केला आहे. बासिलिका ऑफ बॉम जेझस, १६०५ मध्ये पुरी झाली. अंग जांभ्याचं, दर्शनी भागावरचं कोरीवकाम वसईकडून नेलेल्या काळ्या दगडाचं. जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता, साडेतीनशे पावसाळे त्याने झेलले. पोर्तुगीजांच्या शेवटच्या दिवसांत, १९५० च्या दशकात, एका वास्तुरचनाकाराच्या डोक्यात आलं की आतला लाल दगड दिसला तर इमारत जास्त जुनी वाटेल. गिलावा काढला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट चिऱ्यावर. चिरा सच्छिद्र, पाणी पितो, झिजतो. आता पुन्हा गिलावा चढवा म्हटलं की लोक अंगावर येतात. वारशाला हात लावायचा नाही!

साडेतीनशे वर्षांचा अंगरखा कुणाला आठवत नाही. सत्तर वर्षांचा उघडेपणा मात्र परंपरा.

कोकणच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, याच जांभ्यात कातळशिल्पं आहेत. हत्ती, मासे, गेंडा, माणसं, आणि काही आकृत्या ज्यांचा अर्थ लावताना तज्ज्ञांना घाम फुटतो. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की जवळ उभं राहून तो दिसतच नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला ती माहीत झाली. आता त्याच सड्याचा सातबारा काढून बघा. पीक येत नाही, त्यामुळे नोंद पोटखराबा.

पॅरिसला संभाव्य जागतिक वारसा, तलाठ्याकडे पोटखराबा. सही-शिक्का तलाठ्याचा चालतो.

आता दगडाच्या भक्तांनाही एक चिमटा. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगडांखाली. दोन-दोन फूट जाड भिंती, वर माळवदावर दरवर्षी चढवलेली मातीची आणखी एक रास. इतक्या जाड भिंती पडल्याच कशा?

कारण ती एक भिंत नव्हतीच. बाहेर दगडाचं एक तोंड, आत दुसरं, मधल्या जागेत डबर आणि चिखल. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड ठरावीक अंतरावर घालायचे असतात. ते नव्हते. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत गुंतवायच्या असतात. त्या गुंतवल्या नव्हत्या. हादरा बसला, दोन्ही तोंडं फाकली, माळवद खाली आलं. घडीव दगड गढीला आणि देवळाला. गरिबाच्या वाट्याला गोटे, चिखल आणि घाई.

शिक्षा कुणाला झाली? दगडाला. त्या पट्ट्यात दगडी घराचं नाव काढलं तरी लोक घराबाहेर झोपायला निघत. ती भीती कुणाला कळणार नाही? ज्याच्या डोक्यावर माळवद पडलं त्याला आरपार दगडाचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पण व्याख्यान ज्यांना द्यायचं होतं, त्या अभियंत्यांनीही तोच सोपा निष्कर्ष काढला. पुढे २००१ मध्ये भूजच्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तेव्हा दोष बिल्डरला दिला, नकाशाला दिला, पालिकेला दिला.

सिमेंट निर्दोष सुटलं.

घरात या. 'आमचा पारंपरिक मराठी वाडा' म्हणून जे काही मिरवतो त्यात शहाबादी फरशी असते. ती कर्नाटकातली, कलबुर्गीकडची. स्वयंपाकघरातला काळा ओटा कडप्प्याचा. तो आंध्रातला. दोन्ही चुनखडकाच्या जातीचे, थराथरात निघणारे, म्हणून त्यांच्या सरळ लाद्या पडतात. आपल्या कातळाला असे पातळ थर नाहीत, त्याची फरशी काढणं महाकठीण. शेजाऱ्यांकडून आणली, काही बिघडलं नाही. आजीने त्या ओट्यावर पन्नास वर्षं लिंबू पिळलं आणि डाग पडले म्हणून आयुष्यभर कुरकुर केली.

चुनखडकावर लिंबू पिळल्यावर दुसरं काय होणार?

मग कोटा आला, ग्रॅनाइट आला, मोरबीच्या टाइल्स आल्या. जुनी शहाबादी उखडली आणि पार्किंगमध्ये टाकली. आता बाजारात नवी टाइल आहे, 'शहाबादी लूक'. खऱ्या फरशीचा फोटो काढून तो टाइलवर छापतात. कडेचा टवका, मधला करडा डाग, सगळं हुबेहूब. चार टाइल्स सोडून पाचवीवर तोच टवका, तोच डाग.

खरी गाडीखाली. तिचा फोटो दिवाणखान्यात.

देवही यातून सुटलेला नाही. जीर्णोद्धार म्हणजे काय? काळ्या शिखराला ऑइल पेंट, सभामंडपाला टाइल्स, गाभाऱ्याला ग्रॅनाइट. पंढरपुरात तेच झालं होतं. विठोबा काळ्या पाषाणाचा, देऊळ काळ्या पाषाणाचं, आणि वर चकचकीत फरशी. २०२४ मध्ये दोन-अडीच महिने पदस्पर्शदर्शन थांबवून ती काढली, आतला जुना दगड मोकळा केला. वारकरी हरखले. मुळात ती लावली कशासाठी होती?

पुसायला सोपी.

आणि हे सगळं घडवणारा माणूस? वडार, बेलदार, पाथरवट. एखाद्या म्हाताऱ्या वडाराला दगड निवडताना बघा. आधी हातोडीने दोन-चार ठिकाणी वाजवतो आणि कान देतो. खणखणीत वाजला तर घेतो. बद्द वाजला तर आत चीर आहे, बाजूला सारतो. मग दगडाचा कल बघून कोळशाने रेघ मारतो, रेघेवर छिन्नीने ओळीने खाचा पाडतो, खाचांत पाचरी बसवतो. पहिल्या पाचरीपासून शेवटच्या पाचरीपर्यंत हलके घाव, पुन्हा पहिलीपासून. घाई नाही. कुठल्याशा फेरीला 'टच्च' होतं आणि दगड रेघेबरहुकूम उकलतो.

प्रयोगशाळाही दगडात आवाज सोडून चीर शोधते. अहवालाला आठ दिवस लागतात आणि पाचरी कुणाला मारता येत नाहीत.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. सांगणाऱ्याने टाकी कधी हातात धरलेली नसते. दगडाला देवपण येतं. टाकी मारणाऱ्याच्या छातीत धूळ जाते, दम लागतो, खोकला बसतो. खाणीतल्या धुळीने होणाऱ्या या दुखण्याला वैद्यकात नाव आहे, कायद्यात भरपाईही आहे. फक्त त्यासाठी तुम्ही कामगार आहात, हे सिद्ध करणारा कागद लागतो.

हजेरीपट दगडावर कोरायला हवा होता.

आता टाकीही कमी झाली. उरला क्रशर. एका तोंडाने टेकडी खातो, दुसऱ्या तोंडाने खडी, कच आणि क्रश सँड काढतो. नदीतल्या वाळूवर निर्बंध आले, मग डोंगराची वाळू करायला घेतली. खडी नको असं कोण म्हणेल? रस्ते हवेत, मेट्रो हवी, तुमचा-माझा फ्लॅट खडीचाच आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, तिथून आता विमानं उडतात. पण संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर मनाई, पुढचे दोनशे मीटर परवानगीने, आणि तीनशेएकाव्या मीटरपासून तोच डोंगर गौण खनिज, हा हिशेब कातळाला कुणी समजावला असेल?

सुरुंगाचा हादरा टेप घेऊन फिरत नाही.

बरं, ज्या किल्ल्यांचं सरकारला खरोखर काही करायचं आहे, तिथलं बघा. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले. अकरा आपल्याकडचे, बारावा तमिळनाडूतला जिंजी. ढोल वाजले, पेढे वाटले. आता डागडुजी निघणार. दगडाला दगडच लागणार, चुना घाण्यावर मळावा लागणार, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा पडणार. हे येतं कुणाला? दगड वाजवून बघणाऱ्या त्या म्हाताऱ्याला. निविदेत काय मागतात? मागच्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा दाखला, जीएसटी क्रमांक, अनामत रक्कम. म्हाताऱ्याकडे यातलं काहीच नाही. ज्याच्याकडे सगळं आहे त्याने आजवर फक्त गटारं बांधलेली आहेत.

पोटठेकेदार शोधत तो शेवटी म्हाताऱ्याकडेच येतो. रोजावर.

शहरात हल्ली 'पारंपरिक चुना आणि दगडकाम' यावर दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. शुल्क भरपूर, जागा भरलेल्या, दुपारचं जेवण पत्रावळीवर. शिकवायला गावाकडून एका जुन्या कारागिराला आणतात. तो चुना मळून दाखवतो, दगड वाजवून दाखवतो, आर्किटेक्ट मंडळी व्हिडिओ घेतात, कुणीतरी त्याला 'लिव्हिंग हेरिटेज' म्हणतं. समारोपाला सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळतात. कारागिराला शाल, श्रीफळ आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं.

भाडं मात्र मूळ तिकीट जोडलं तरच.